परका बेडूक

ड्रॉइंगच्या सरांची लेखी तक्रार मोठ्या बाईंच्या टेबलावर होती, आणि जिच्याविरुद्ध तक्रार होती ती व्यक्ती शेजारच्याच खुर्चीवर बसून वह्या तपासत होती.

विज्ञानाच्या बाईंनी आठवीला बेडूक शिकवला होता. चित्र इंटरनेटवरून उचललेलं होतं. सरांनी अर्जात ‘चोरलेलं’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पट्टी लावून.

“अहो सर, वर्गात शिकवण्यापुरतं चालतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून त्या कुणालाही ‘अहो’ म्हणत, शिपायालासुद्धा. “छापून विकलं असतं तर गोष्ट वेगळी. नियम मी वाचलाय.”

“मीही वाचलाय. चारदा. दर वेळी तेच निघतं.”

“मग अडचण काय आहे?”

“चोरायचंच होतं तर माझं चोरायचं ना!” सर म्हणाले. “बावीस वर्षं वर्गात टांगलेला तक्ता आता प्रयोगशाळेच्या कपाटात सडतोय.”

सरांचा बेडूक कापडावर चिकटवलेला होता. वर-खाली लाकडी पट्ट्या, मध्ये उताणा बेडूक, पोट उघडलेलं, सगळे अवयव जागच्या जागी, आणि चेहऱ्यावर समाधान. मागच्या वर्षी शाळेत प्रोजेक्टर आला आणि घरात सवत यावी तसा हा परका बेडूक भिंतीवर येऊन बसला. त्याला पाहून मुलं ‘आऽऽ’ करतात, ते सरांना शेजारच्या वर्गात ऐकू यायचं. सरांच्या बेडकाला कधी कुणी ‘आ’ केलं नव्हतं. एकदा एक मुलगी रडली होती, तेवढीच त्यांनी कौतुकात धरली होती.

“सर, तुमचा बेडूक हसतो हो,” विज्ञानाच्या बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या. “मुलं विचारतात, पोट फाडल्यावर हा एवढा खूश का?”

“त्याला शिकवण्याची आवड आहे.”

“अस्सं.”

“आणि ह्या परक्याचं यकृत बघा. किती...” सर अडखळले. यकृत फार सुंदर काढलेलं होतं. दोन महिने ते त्यात चूक शोधत होते. “किती चकाकतं! यकृतानं इतकं चकाकू नये.”

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. “बरं, ते राहू द्या. तुम्ही शाळेच्या मेलवरून त्या चित्राच्या मालकाला पत्र पाठवलं होतंत ना? उत्तर आलंय.”

सर ताठ बसले. पत्र त्यांनीच पाठवलं होतं. ‘आपला बेडूक आमच्या शाळेत आठवी अ आणि ब या वर्गांत राजरोस वापरला जात आहे, तरी आपण कडक पावलं उचलावीत.’ मालक समुद्रापलीकडे कुठेतरी राहतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वकिलाची नोटीस येईल, प्रोजेक्टर जप्त होईल, निदान बाईंना माफीनामा लिहावा लागेल, अशी त्यांची माफक अपेक्षा होती. माफीनाम्यासाठी त्यांनी चांगला कागदही बघून ठेवला होता.

विज्ञानाच्या बाईंनी लाल पेन खाली ठेवलं.

मोठ्या बाई जमेल तसा अर्थ लावत वाचू लागल्या. “‘प्रिय सर, तुमचं पत्र मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. हा बेडूक काढण्यात माझी अख्खी सुट्टी गेली. पण आमच्या विज्ञानाच्या बाई तो वापरत नाहीत. त्या इंटरनेटवरून दुसऱ्याच कुणाचा तरी घेतात. म्हणून मी माझाही इंटरनेटवर टाकला. तरी त्यांनी दुसऱ्याचाच घेतला. तुम्ही खुशाल वापरा. आणखी तुकड्या असतील तर त्यांनाही दाखवा. एकच विनंती आहे. मुलं त्याच्याकडे बघत आहेत, असा एखादा फोटो पाठवाल का? आमच्या बाईंना दाखवायचा आहे.’”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आपल्याकडे क तुकडी पण आहे,” विज्ञानाच्या बाई हळूच म्हणाल्या.

“बघा,” सर म्हणाले. “त्याचा बेडूक सातासमुद्रापार पोचला, तरी तो रडतोय. आणि माझा? प्रयोगशाळेतून ह्या खोलीपर्यंत आला नाही. काय एकेकाचं नशीब असतं!”

“फोटो कोण काढणार?” मोठ्या बाईंनी विचारलं. “माझा हात हलतो.”

“माझा नाही हलत,” सर म्हणाले, आणि बोलून गेल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला.

पुढच्या तासाला आठवी अ च्या वर्गात अर्धे पडदे ओढले. बेडूक भिंतीवर आला, सरांपेक्षा उंच. मुलं दाटीवाटीने त्याच्या समोर उभी राहिली. ‘बघताय असं बघा’ म्हटल्यावर त्यांनी इतके डोळे फाडले, की जणू भिंतीवर बेडकाऐवजी वाघ असावा. विज्ञानाच्या बाई पदर सारखा करून भिंतीला टेकल्या.

सरांनी मोबाईल उचलला. खाली घेतला. दोन पावलं मागे गेले, परत पुढे आले. बाकावर चढले.

“सर, आटपा ना,” बाई म्हणाल्या. “पोरांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.”

सर ऐकत नव्हते. बेडकाच्या मागच्या पायाखाली, मुंग्यांच्या रांगेएवढी बारीक, काहीतरी अक्षरं होती. अर्धी दिसत होती, अर्धी बाईंच्या कोपराआड गेली होती.

“बाई, जरा तिकडे सरका,” सर म्हणाले. “त्याची सही झाकली जातेय.”