चार तासांचा नियम

मॅनेजर सत्यजीतने आधी चहा मागवला. माणूस कापायचा असला की आधी त्याला चहा पाजायचा, ही त्याची जुनी रीत. कप टेबलावर आले तसं चारुताने ओळखलं, आज पाळी कुणाची.

समोर विनायकसर बसले होते. आईचं तेरावं उरकून आजच कामावर आलेले. डोक्यावर पांढरी टोपी, खाली गुळगुळीत डोकं. बावीस वर्षं या कोल्ड स्टोरेजचे सगळे सर्व्हर त्यांनी सांभाळलेले. चारुताला तर साधी केबल ओळखायलासुद्धा त्यांनीच शिकवलं होतं.

"विनायकसर," सत्यजीत गोड आवाजात म्हणाला, "अठरा टन कोळंबी सडली. कोल्ड रूमचा अलार्म नव्या सर्व्हरवर हलवला आणि तो वाजलाच नाही. हा बदल मंजूर कुणी केला?"

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मंजूर : विनायक'. खाली तारीख, आणि वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

विनायकसरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "त्या दिवशी आईचं दहावं होतं. मी आपटा गावात नदीवर होतो. सकाळी सातपासून फोन बंद होता माझा."

"मग काय, सिस्टीम खोटं बोलते?"

सिस्टीम खोटं बोलत नव्हती. चारुतानेच ती महिनाभर खपून उभी केली होती. सर्व्हरमध्ये काही बदलायचं तर आधी अर्ज टाकायचा, विनायकसरांनी तो तपासून मंजूर करायचा, मगच हात लावायचा. किती साधं! पण सत्यजीतला दम कुठला? "लोक अर्ज लटकवून ठेवतात. चार तासांत उत्तर नाही आलं तर त्यांच्याच नावाने मंजूर धर," त्याने फर्मावलं होतं. "आणि माणूस रजेवर असला तर, सर?" असं तिने विचारलंही होतं. "ते नंतर बघू." तिने मान डोलावली आणि तसं करून टाकलं. दहाव्याच्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अलार्मचा अर्ज टाकला तो खुद्द सत्यजीतने. विनायकसर कुठे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यांची रजा त्यानेच तर मंजूर केली होती.

"चारुता, सिस्टीम तुझी," सत्यजीत तिच्याकडे वळला. "सांग बरं यांना, मंजुरी कुणाची आहे?"

विनायकसर तिच्याकडे बघत होते. आशेने बघत होते, हेच वाईट. एक वाक्य पुरे होतं. चार तास उलटले म्हणून मशीनने मंजूर केलं, आणि तसं करायला तुम्हीच सांगितलंत. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तिला नोकरीत कायम केल्याचं पत्र सत्यजीतच्या कोपराखाली होतं, बिनसहीचं. मुद्दाम ठेवलं होतं तिथे, मेल्याने.

"विनायकसरांच्या... नावाने आहे," ती म्हणाली.

"झालं तर मग!"

विनायकसरांनी नजर काढून घेतली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मालकांचा निरोप आहे, सर. आजपासून तुम्ही घरी," सत्यजीत म्हणाला. "चारुता, यांचं लॉगिन बंद करायचा अर्ज टाक. रीतसर हं. आपण नियमाने चालतो."

तिने टाईप केलं. पाठवलं. आणि विनायकसरांच्या खिशात फोन वाजला. सर्व्हरवरचा प्रत्येक अर्ज मंजुरीला त्यांच्याकडेच जायचा. हाही गेला.

सत्यजीतला आधी कळेना. कळलं तेव्हा हसू आवरेना. "अरे वा! दाबा मग, सर, तुमच्याच हाताने. आणि नाही दाबलंत तरी चालतंय, चार तासांनी आपोआप होतंय!" हसता हसताच त्याने पेन काढलं आणि कोपराखालच्या पत्रावर सही ठोकली.

कप उचलायला काळूराम आत आला. जुन्या कामोठे गावातला माणूस, चहा-पाण्याचं बघायचा. विनायकसरांची टोपी बघून तो थबकला.

"आई गेली का वो तुमची? मना कोनी सांगलाच नाय." त्याने ट्रे खाली ठेवला. इतक्या वेळात हे विचारणारा तो पहिलाच. "कावला शिवला का?"

"नाही रे, काळूराम. उन्हात बसून होतो सगळे. मी हात जोडले, नातवंडांचं करीन म्हणालो, काय काय म्हणालो. नाही आला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावला. म्हणाले, शिवला, झालं."

काळूराम बाकीचे कप गोळा करून गेला. विनायकसरांच्या कपातला चहा तसाच होता, वर साय धरलेली.

त्यांनी खिशातून फोन काढला. मंजुरीचं बटण त्यावर लुकलुकत होतं. फोन त्यांनी चारुतापुढे सरकवला आणि खुर्ची जरा मागे घेऊन नीट टेकून बसले.

"चारुता, तुझा कावळा चार तासांनी शिवतो ना?" ते म्हणाले. "बसतो मी."