काळा कागद

औषधवाल्याने बॅटरीचा उजेड कपाटाच्या पायाशी धरला आणि भोकांवरून बोट फिरवलं.

"भुंगेऱ्याचं काम आहे. पण भोकं जुनी वाटतात. किडा केव्हाच उडून गेला असेल."

"नक्की?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नक्की कसं सांगू, काका? किडा काय पत्ता ठेवून जातो?"

मुलीला हसू आलं. आई गेल्यावर बाबांना सोबत म्हणून ती राहायला आली होती. कपाट आईने हौसेने करून घेतलेलं. दाराला उभा आरसा. त्यात समोरचा अख्खा पलंग दिसायचा, आईची रिकामी बाजूसुद्धा.

"काहीही करा, पण कपाट वाचवा," ती म्हणाली. "बाबांचा जीव आहे त्यात."

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.

"खाली काळा कागद अंथरा," औषधवाला म्हणाला. "त्यावर ताजा भुसा पडला तर किडा जिवंत. मग औषध भरू. तरीही भुसा पडला तर जाळायचं. नाहीतर भुंगेरा छपराच्या लाकडात शिरेल."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा सगळ्यांच्या आधी उठू लागला. मुलगी चहा घेऊन यायची तेव्हा तो कपाटापाशी वाकलेला असायचा.

"एवढा घोर लावून घेऊ नका हो, बाबा."

रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. रडताना दिसू नये म्हणून, असं तिला वाटायचं. दिवसा मात्र अंगणात बसून जुनं स्टूल दुरुस्त करायचा, पॉलिश पेपरने पाय घासत. हात चालू आहेत, तिला बरं वाटलं.

"किती घासताय? स्टुलाचा पाट होईल अशाने!"

"एक पाय आखूड आहे," तो म्हणाला.

काळ्या कागदावर भुसा पडला. पिठासारखा, बारीक. औषधवाल्याने भोकाभोकांत औषध भरलं. पुन्हा भुसा पडला. त्याने पुन्हा औषध भरलं. तरीही कागदावर ढिगली होतीच.

"एवढा चिवट किडा जन्मात पाहिला नाही," औषधवाल्याने हात टेकले. "जाळा आता."

मुलगी रडली. तिने बाबांना बाहेर बसवलं. "मोडताना तुम्हाला नाही बघवणार."

औषधवाल्याने आतच कपाट सुटं करून फळ्या अंगणात आणल्या, पेटवल्या आणि तो गेला. म्हातारा विस्तवासमोर एकटाच उभा राहिला. लाकूड तडतडत होतं.

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात स्टुलाचा भुसा थोडा उरला होता. तो त्याने विस्तवावर झटकला. आज पलंगावर हव्या त्या कुशीवर झोपता येणार होतं.

घरातून हातोडीचे ठोके ऐकू आले. मग मुलगी दारात आली. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला.

"बाबा, काचेला कुठे किडा लागतो? आरसा मी आधीच काढून ठेवला होता. या, बघा तरी. पलंगासमोर, होता तिथेच लावलाय."