खारीचा पट्टा

नारायण पेठेतले काका आपणहून दारात आलेले पाहून सुहानाला आनंदच झाला. बेकरीमागच्या गटारातून काढलेलं कुत्र्याचं पिल्लू तिनं वाढवलं, खारी नाव ठेवलं आणि दिवाळीनंतर काकांच्या घरी दिलं होतं. काकांनी पिशवीतून खारीचा लाल पट्टा काढला. धुतलेला, नीट गुंडाळलेला. “लॅब्रेडॉर मिक्स म्हणाला होतात. मोठी झाल्यावर अगदीच गावठी निघाली हो.” “पण खारी कुठंय?” “गावठीच ती, गावाकडे सोडली. मांजरी गावाच्या पुढे, उसात. गाडीमागे बरीच पळाली.” सुहानानं पट्टा उलटा केला. बिल्ल्यावर तिचा मोबाईल नंबर होता. खारी कधी हरवली, तर कुणीतरी फोन करावा म्हणून तिनंच कोरून घेतलेला. “पट्टा तरी गळ्यात ठेवायचात,” ती कशीबशी म्हणाली. “छे! कुणीतरी वेळीअवेळी तुम्हाला फोन केला असता,” काका जिन्याकडे वळत म्हणाले, “म्हटलं, आपल्याला त्रास नको.”