रोखलेलं बोट

लेकीच्या दप्तरात तंबाखूच्या मिश्रीची डबी सापडल्यापासून सखूबाईचा कुणावरच भरवसा उरला नव्हता. ओतूरच्या शाळेतल्या समुपदेशक मॅडमपुढं तिनं ती डबी आदळली. "माझी पोरगी तसली न्हाई, मॅडम. हिला कुणीतरी नादाला लावलंय." दाराबाहेर लेकीची मैत्रीण उभी होती, तिच्यावर सखूबाईनं बोट रोखलं. "ह्या भवानीवर माझा लई संशय हाय. न्हाईतर तो स्टँडवरचा टपरीवाला. नाव तेवढं काढून घ्या, मग बघते मी." मॅडमनी डबी बाजूला सारली आणि सखूबाईच्या नववीतल्या लेकीला, ऋतुजाला विचारलं, "पहिल्यांदा कुणी दिली, बाळा?" "बोल की! कुणाला पाठीशी घालतीस?" सखूबाईचं बोट आता लेकीकडं वळलं. ऋतुजा खालमानेनं म्हणाली, "दुसरीत व्हते. दाढ ठणकायला लागली की तूच लावायचीस, आई. तवापासून सुटंना." सखूबाईनं ते बोट पटकन पदराआड घेतलं. पेरावर सकाळच्या मिश्रीचा काळा डाग होता.