पोशीरचे दोन धाकलू

एका माणसाची एकच नोंद, हा वाचनालयाचा नियम. म्हणून खालापुरातल्या एका वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणिताने पोशीर गावचे धाकलू विरले याच नावाचे दोन लेखक, एक भातशेतीवर लिहिणारे आणि एक भजनं रचणारे, एकच माणूस समजून संगणकावर एकत्र केले.

दुसऱ्याच दुपारी भातशेतीवाले धाकलूकाका येऊन तिच्यासमोर बसले. त्यांची बोटं टेबलावर सारखा भजनाचा ठेका धरत होती.

"कालपास्नं हात थांबतच नाय गं," ते म्हणाले. "मला जन्मात भजन आलं नाय. भजनं रचनारा धाकलू येगळा, तो गेल्या साली वारला."

घाईघाईने प्रणिताने ती नोंद उघडली आणि ज्याची पुस्तकं त्याच्या नावावर लावून पुन्हा दोन वेगळे धाकलू केले.

ठेका थांबला.

"आता बरं वाटतंय का, काका?"

काका हसले, उठले, दारातल्या चपला पायात सरकवून भजन म्हणत रस्त्याला लागले. एक शब्द अडखळला नाही.

प्रणिता त्यांच्या पाठीकडे बघतच राहिली. तेवढ्यात समोरच्या रिकाम्या खुर्चीतून हळूच भातशेतीवाल्या काकांचाच आवाज आला.

"पोरी, माझ्या घरी कोन चाललाय गं?"