सुताराने बसवलेली कडी
बाळांनो, आतून कडी लावलेलं एक दार डोळ्यांसमोर आणा. आत बाबांवर रागावलेली दहा वर्षांची मुलगी, बाहेर तिचे सुतार बाबा. दारूपायी वर्षभर परागंदा झालेले, आज दारू सोडून परतलेले. “कडी तूच बसवलीस ना? आता बस बाहेर!” अंगणात बसलेल्या आजीने लेकाला टोमणा मारला. “पक्की बसलीये, आई.” प्रार्थनेची वेळ झाली. बाबा दाराशीच गुडघे टेकून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. आतून लेकही सवयीने पुटपुटू लागली. ‘आम्ही क्षमा करतो, तशी आम्हांला कर’ या ओळीपाशी दोघंही थांबली. “प्रभू, ही ओळ कोणत्या तोंडाने म्हणू?” बाबांना हुंदका फुटला. मुलीला क्रुसावरून मारेकऱ्यांना क्षमा करणारा येशू आठवला. “प्रभू, एकटीला जमत नाही. तू धर ना माझा हात!” खाडकन कडी निघाली. बाबांना बिलगून तिने ती ओळ दोघांसाठी खणखणीत म्हटली.