उघडी माळ

"किती लोंबतेय ही! पाय अडकून पडशील," म्हणत रेखाताईंनी सुनेच्या गळ्यातल्या माळेची दोन्ही टोकं हातात घेतली.

नॉटिंगहॅमच्या त्या चर्च हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. हुला या हवाईच्या नाचाच्या ग्रुपचा वर्षातला एकुलता एक कार्यक्रम. विंगेत नऊ बायका ओळीने उभ्या होत्या. आठ जणींच्या गळ्यात गोल हार आणि एकट्या अक्षयाच्या गळ्यात पानांची उघडी माळ, गुडघ्यापर्यंत आलेली. रेखाताईंना पुण्याहून येऊन दीड महिना झाला होता, आणि कशातही काही उणं दिसलं की त्यांचे हात गप्प बसत नसत.

माळ कुमूने मुद्दाम तशी केली होती. कुमू म्हणजे शिकवणारी बाई; ही मूळची हवाईची, लग्न करून इथे आलेली. अक्षयाला चौथा महिना लागला होता. "पोटुशीला बंद माळ घालायची नाही," कुमूने बजावलं होतं, "नाळ बाळाच्या गळ्याभोवती बसते." अक्षया तेव्हा हसली होती. घरी गेल्यावर मात्र तिला हसू येईना.

गेल्या वर्षी रेखाताईंनी सोसायटीभर पेढे वाटले आणि पंधराव्या दिवशी सगळं संपलं. म्हणून या वेळी कुमू आणि आज लंडनला गेलेला तिचा नवरा परीक्षित, दोघं सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई, राहू द्या ना. ती ओपनच असते."

"ओपन कसली, अर्धवट दिसतेय. हलू नकोस."

सांगून टाकावं, असं अक्षयाला वाटलं. पण पेढ्यांचे ते डबे आठवले आणि तिने मान पुढे झुकवली. रेखाताईंनी गळ्याभोवती एक वेढा दिला, टोकं मानेमागे नेली आणि गाठ मारली. वर आणखी एक.

ओळ स्टेजवर गेली. सुक्या भोपळ्याच्या वाद्यावर ताल धरून बसलेल्या कुमूची नजर अक्षयाच्या गळ्यावर पडली, आणि तिचा हात भोपळ्यावरच थांबला. लोकांना वाटलं, नाच असाच असतो. कुणीतरी टाळी वाजवली.

अक्षया वळली ती तडक विंगेत आली.

"आई, सोडा ती. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण का?"

तिने सासूचा हात धरून पोटावर ठेवला आणि कुमूचं म्हणणं दोन वाक्यांत सांगितलं. असलं काही नसतं गं, एवढं रेखाताईंनी म्हणावं, बस्स, तिला दुसरं काही नको होतं.

त्या म्हणाल्या नाहीत. त्यांची नखं गाठीत शिरली होती. दोरा नायलॉनचा, ओढावा तसा आणखी आवळत होता.

"कात्री," त्या पुटपुटल्या. इंग्रजी शब्द त्यांना आठवेना. मग त्या ओरडल्याच, "अहो, कात्री द्या कुणीतरी!"

हॉलमध्ये मराठी कळणारं कुणी नव्हतं. टाळ्या वाढल्या.